दिवाळीची सुट्टी आणि मुलांचे हात

आश्विन लागला की आपल्या व्यापारी कुटुंबांत दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. दुकानात वर्षातला सर्वांत मोठा हंगाम उभा राहतो आणि घरातील कर्ती माणसे रात्री दहापर्यंत गल्ल्यापाशी अडकून पडतात. नेमक्या त्याच दिवसांत मुलांची सहामाही परीक्षा संपते आणि त्यांना सुट्टी लागते. ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांना काम नाही, आणि ज्यांना काम आहे त्यांच्याजवळ वेळ नाही. या दोहोंमधली पोकळी हल्ली मोबाइल भरून काढतो. त्याबद्दल तक्रार करणारे आजोबा मला पुष्कळ भेटतात. परंतु मुलाच्या हातातून एखादी वस्तू काढून घ्यायची असेल तर त्या हातात दुसरे काही तरी द्यावे लागते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

काही पालक यावर उपाय म्हणून बाजारातून हस्तकलेचे तयार संच आणतात. हेतू चांगलाच असतो. पण खोके उघडून पाहावे, तर आकार आधीच कापलेले, छिद्रे आधीच पाडलेली, मागे चिकटपट्टीसुद्धा लावलेली. मुलाने वरचा कागद सोलून तुकडे जागच्या जागी बसवायचे. अर्ध्या तासात सारे आटोपते आणि मूल पुन्हा विचारते, “आता काय करू?” दुसऱ्या टोकाला सोसायटीची आकाशकंदील स्पर्धा असते. तिथे मुलाच्या नावाने जे ठेवले जाते ते रात्री अकरा वाजता आईने पुरे केलेले असते. पहिला क्रमांक बहुधा एखाद्या आईलाच मिळतो. एका ठिकाणी काम मुलाच्या शक्तीहून फार हलके, दुसऱ्या ठिकाणी फार जड. बँकेत मी वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज तपासले. गरजेहून कमी कर्ज मंजूर केले तर धंदा उभा राहत नाही आणि ऐपतीहून अधिक दिले तर तो बुडतो, हा तिथला पहिला धडा. मुलांना काम देतानाही त्यांच्या वयाची ऐपत पाहावी, त्या ऐपतीच्या काठोकाठ भरेल एवढे पूर्ण काम द्यावे, आणि एकदा दिले की मध्ये आपला हात घालू नये. या लेखात पुढे जे सुचवले आहे त्यामागे एवढाच विचार आहे.

प्रथम ऋतूविषयी थोडे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत या दिवसांत ‘ऑटम’चे एक पान येते. त्यावर मेपलचे लाल पान, नारिंगी भोपळा आणि एखादी खार असते. बार्शीच्या किंवा सांगलीच्या मुलाने मेपलचे झाड कधी पाहिलेले नसते; तरी ते पान निमूटपणे रंगवून देते. वस्तुतः तिकडचा ऑटम आणि आपला शरद यांचे महिने जवळजवळ एकच असले तरी दृश्य उलटे आहे. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. शरदात पाऊस नुकता ओसरलेला असतो, आभाळ धुतल्यासारखे असते, भात लोंबीवर आलेला असतो, बाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात आणि पहाटे प्राजक्ताखाली सडा पडतो. मुलांनी चित्रे काढावीत, वस्तू कराव्यात, त्या या ऋतूच्या. मेपलवर माझा राग नाही. ज्यांची नातवंडे न्यू जर्सीत किंवा लेस्टरमध्ये वाढत आहेत त्यांच्यासाठी पुस्तकातले ते पान अगदी खरे आहे, कारण तिथे दिवाळी आणि पानगळ एकाच सुमारास येतात. तिथल्या मुलांनी झाडाखाली पडलेली पाने वेचावीत, वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून जाड पुस्तकाखाली आठ-पंधरा दिवस दाबून ठेवावीत आणि त्यांतूनच दिवाळीची शुभेच्छापत्रे करावीत. पान लाल-पिवळे का होते, हेही त्यांना सांगता येईल: थंडीची चाहूल लागताच पानातील हरितद्रव्य मोडू लागते आणि मुळातच त्यात दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, लाल रंग मात्र पुष्कळ झाडांत त्या दिवसांत नव्याने तयार होतो. पडलेलेच पान घ्यायचे, फांदीवरचे तोडायचे नाही, ही अट आपल्या घरातील मुलांना वेगळी समजावावी लागत नाही.

आता साहित्य. विकत आणण्यापूर्वी आपल्याच दुकानाच्या मागच्या बाजूला एक फेरी मारावी. कापडाच्या दुकानात थानाच्या आतील पुठ्ठ्याच्या नळ्या आणि फळ्या पडलेल्या असतात. किराणा दुकानात खोकी, सुतळी आणि तागाची पोती मिळतात. सराफी पेढीवर गुलाबी कागद आणि रिकाम्या डब्या असतात. छापखाना असेल तर कागदाच्या कात्रणांना तोटाच नाही. जे आपण रद्दीवाल्याला किलोच्या भावाने देतो, तेच मुलांसाठी भांडवल आहे. खोक्यांना तारेच्या पिना असतात. त्या मोठ्या माणसाने आधी काढून टाकाव्यात. चिकटवण्यासाठी डिंकाच्या बाटल्यांऐवजी घरी खळ करावी. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, एकूण चार वाट्या पाणी होईल इतके त्यात घालावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन तकाकी आली की उतरवावे. पूर्वी खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालीत. ते विष आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते कदापि घालू नये. त्या दिवशी लागेल तेवढीच खळ करावी, उरली तर दुसऱ्या दिवशी वापरू नये. शिळे न ठेवण्याचा आपल्या स्वयंपाकघरातला नियम इथेही उपयोगाचा आहे.

तीन ते पाच वर्षांच्या बालकाला कात्री देऊन “रेषेवरून काप” असे सांगणे म्हणजे त्याला रडवण्याची तजवीज करणे होय. या वयाला कागद फाडणे उत्तम जमते. फाडताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना चालतात, चिमटीत जोर येतो, आणि चुकण्याला जागाच नसते. पतंगाच्या कागदाचे दोन-तीन रंगांचे ताव द्यावेत आणि बोटाएवढे तुकडे हवे तसे फाडू द्यावेत. मग काचेची एक रुंद तोंडाची स्वच्छ बरणी सतरंजीवर ठेवून तिच्या बाहेरच्या बाजूला पातळ केलेली खळ बोटांनी फासायची आणि तुकडे एकावर एक येतील असे लावत जायचे. पिवळ्यावर तांबडा तुकडा आला की नारिंगी दिसतो, निळा आला की हिरवा. हे आपण सांगू नये, मुलाला दिसू द्यावे. एक दिवस वाळवून आत सेलवर चालणारा छोटा दिवा ठेवला की बरणीचा कंदील झाला. सेल मात्र मोठ्यांनीच बसवावा आणि स्क्रूने बंद होणारे झाकण असलेलाच दिवा घ्यावा. बटणासारखे चपटे सेल लहान मुले गिळतात आणि ते प्राणावर बेतते. या दिवसांत भातशेतीच्या मुलखात दिव्यांवर हिरवे तुडतुडे थव्यांनी झेपावतात आणि उघड्या ज्योतीत पडतात. झाकणबंद बरणीत जीव पडत नाही, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनाही हा दिवा रुचतो. मुलाने सगळे तुकडे बरणीच्या एकाच बाजूला थापले असतील तर तसेच राहू द्यावेत. रात्री उजेड एका बाजूने रंगीत आणि एका बाजूने पांढरा पडेल. त्याने काही बिघडत नाही.

सहा ते आठ हे कात्रीचे वय. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात आणल्या जातात आणि पुष्कळदा आपट्याच्या नावाने कांचनाचीच पाने विकली जातात. दुसऱ्या दिवशी ती सारी पाने रस्त्यावर पायदळी येतात. त्यापेक्षा मुलांनी कागदाची पाने करावीत. मिठाईच्या खोक्यांतला सोनेरी कागद किंवा कुठलाही जाड कागद मधोमध दुमडायचा, घडीला टेकवून अर्ध्या पानाचा आकार काढायचा, कापायचा आणि उघडायचा. आपट्याचे पान दोन सारख्या पाळ्यांचे असल्यामुळे ते हुबेहूब उतरते. पहिल्या खेपेला निम्मी मुले घडीची बाजू कापून टाकतात आणि हातात दोन सुटे तुकडे येतात. तेव्हा घाईने सुधारायला जाऊ नये. दुसरा कागद द्यावा. का झाले ते मूल स्वतःच शोधते, आणि जे शोधले ते विसरत नाही. संपलेल्या रिफिलच्या टोकाने देठापासून पंख्यासारख्या शिरा दाबून काढल्या की पान जिवंत दिसते. घरातील माणसे, शेजारी आणि दुकानातील कामगार यांची यादी मुलालाच करायला सांगावी आणि प्रत्येक पानाच्या मागे नाव घालायला लावावे. नोकरांची नावे मुलांना ठाऊक नसतात, असे या निमित्ताने बऱ्याच घरांत उघड होईल.

याच वयाच्या मुलींनी आणि मुलांनीही भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढावा, ठिपक्यांची रांगोळी घालावी. पाच ते पाच ठिपक्यांपासून सुरुवात केली की बोटांना अंतराचा अंदाज येतो. याची माहिती प्रत्येक घरातील आजीजवळ आहे. मी अधिक काय लिहावे!

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मला सर्वांत आवडते ते प्राजक्ताचे काम. हे फूल तोडावे लागत नाही. रात्री उमलते आणि पहाटे आपण होऊन गळते. संध्याकाळी झाडाखाली धुतलेली जुनी चादर पसरून ठेवावी आणि सकाळी फुले गोळा करावीत. फुलांत मुंग्या असतात. कापड न झटकता, ओंजळीने हलकेच वेचून, जयणेने काम करावे. पांढऱ्या पाकळ्यांपासून केशरी देठ वेगळे करायचे आणि सावलीत वाळवायचे. चार-पाच दिवसांचे देठ साठले की गरम पाण्यात भिजवायचे. उकळलेले पाणी तर आपल्या बहुतेक घरांत सकाळी तयारच असते. पाण्याला सुंदर पिवळसर केशरी रंग चढतो. पांढरा सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून, पिळून, मग या रंगात तासभर ठेवला की तो रंगतो. जुन्या काळी रेशीम रंगवण्यासाठीही हा रंग वापरत असत. तो पक्का नाही; उन्हात आणि धुण्यात फिका होत जातो, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. रेशमाचा एखादा टाकाऊ तुकडा त्याच पाण्यात बुडवून सुताशी ताडून पाहायला सांगितले, तर कापड व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला आपल्या मालाची एक गोष्ट वडिलांनी न सांगता कळेल.

आता आकाशकंदील. बाजारात प्लास्टिकचे कंदील स्वस्त झाल्यापासून तो घरी करण्याची रीत मागे पडली. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला आणि बुद्धीला इतके भरपूर काम देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. एक प्रकार सविस्तर सांगतो. बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्यात. प्रत्येकी २० सेंटिमीटर लांबी सोयीची पडते. त्या बुरुडाकडून किंवा बाजारातून आणाव्यात. कूस टोचू नये म्हणून मोठ्यांनी पॉलिशपेपरने घासून द्याव्यात. चार-चार कामट्या जाड दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. मुलाच्या लक्षात येईल की बांधलेला चौकोन उभा धरला की डगमगतो, तिरका होतो. तो काटकोनात आहे की नाही हे सुतार कसे पाहतो? दोन्ही कर्ण मोजून. कर्ण सारखे असले तर कोन बरोबर, आणि २० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण २८ सेंटिमीटरहून किंचित अधिक भरला पाहिजे. आठवी-नववीतल्या भावंडाला हा आकडा पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येईल. कर्ण जुळले की चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे छोटे त्रिकोण चिकटवून चौकोन पक्का करायचा.

पुढची जुळणी जादूसारखी आहे. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवावा. त्याच्या चार कोपऱ्यांना बाकीच्यांपैकी चार चौकोनांचा एकेक कोपरा बांधावा, म्हणजे ते चारही चौकोन शंकरपाळ्याप्रमाणे टोकावर उभे राहतात. शेजारशेजारच्या उभ्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधावेत. मग वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन आडवा ठेवून बांधावा. खाली चार, मध्ये चार आणि वर चार, मिळून बाराच गाठी. आपण फक्त चौकोन बांधले, पण पाहू जाता मधोमध आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले असतात. ते मोजताना मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. आणि जो सांगाडा हातात लुळा वाटत होता तो शेवटची गाठ पडताच ताठ होतो.

वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा. वरून दिव्याची वायर सोडायची, खालून उजेड पडतो. बाकीचे चार चौकोन एका रंगाच्या आणि आठ त्रिकोण दुसऱ्या रंगाच्या पतंगी कागदाने मढवायचे. दुमडण्यासाठी प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर अधिक ठेवून कागद कापावा, म्हणजे चौकोनाचा कागद २२ सेंटिमीटरचा होतो. दुकानात जाण्यापूर्वी ‘किती ताव लागतील?’ हे मुलाने मोजपट्टी घेऊन ठरवावे. एका तावातून किती चौकोन निघतात आणि त्रिकोण उलटसुलट मांडले तर कागद किती वाचतो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या क्षेत्रफळाच्या उदाहरणांहून अधिक गोड आहे, कारण इथे चुकले तर पुन्हा बाजारात जावे लागते. दिवा कमी वॅटचा एलईडी घ्यावा. जुने साठ वॅटचे बल्ब इतके तापत की कागद करपण्याची धास्ती असे. वायरीचे काम सर्वस्वी मोठ्यांचे. परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, म्हणून कंदील पागोळीच्या आत टांगावा.

एकत्र कुटुंबात हे काम फार चांगले वाटून देता येते. खालच्या झिरमिळ्या पाच वर्षांच्या धाकटीने फाडाव्यात, त्रिकोण सात-आठ वर्षांच्या भावाने कापावेत, बांधणी अकरा वर्षांच्या बहिणीने करावी, हिशेब आणि कर्ण थोरल्याने पाहावेत. दुकानातून परतलेल्या वडिलांचे काम एकच, तो टांगणे. आजोबांना गाठी मारता येतात. त्यांनी दुसऱ्या दोऱ्यावर गाठ मारून दाखवावी आणि मुलाच्या दोऱ्याला बोट लावू नये. कंदील थोडा एका बाजूला कलेल. शेजारच्या गॅलरीतला विकतचा कंदील सरळ असेल. पाहुण्यांपुढे “मुलांनी केला आहे” असे दिलगिरीच्या सुरात म्हणणारे आईबाप मी ऐकले आहेत. मुले दाराआडून ऐकत असतात.

किल्ल्याचा प्रश्न आपल्या समाजात थोडा नाजूक आहे. माती खणणे, ती ओली ठेवणे, तिच्यावर हळीव-मोहरी पेरणे यांत जीवविराधना होते म्हणून काही घरांत मातीचा किल्ला करीत नाहीत, आणि त्या घरातील मुले शेजारच्यांचा किल्ला नुसती पाहत राहतात. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा किल्ला आहे, आणि तो मातीच्या किल्ल्याहून उणा तर नाहीच, एका बाबतीत वरचढ आहे. बारा वर्षांपुढील मुलांना भूगोलात समोच्च रेषा शिकवलेल्या असतात. एखाद्या गडाचा तसा नकाशा मिळवून प्रत्येक रेषेचा आकार खोक्याच्या पुठ्ठ्यावर गिरवायचा, कापायचा आणि मोठ्यावर लहान असे थर चढवत जायचे. डोंगर आपोआप उभा राहतो. रायगडापूर्वी शिवाजी महाराजांची राजधानी असलेला राजगड यासाठी उत्तम. मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन अंगांना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या. संजीवनीची दुहेरी तटबंदी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांनी छान दाखवता येते. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत राजगड आहे. बारांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. दर दिवाळीला एक म्हटले तर बारा वर्षांची बेगमी झाली. वरून गेरू आणि खळीत कालवून तागाचे तुकडे लावले की खडकाचा भास होतो. पुठ्ठा कापण्याची सुरी मात्र पंधरा वर्षांखालील मुलाच्या हाती एकटे असताना देऊ नये.

शेवटी एक काम खास आपल्या घरांसाठी. हिशेबाचे वर्ष आता १ एप्रिलला सुरू होते, संगणकाने रोजमेळ गिळून टाकला आहे. तरी दिवाळीला वहीपूजन होते, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे संवत सुरू होते आणि लाल कापडाची चोपडी पाटावर येते. मुले ती दुरून पाहतात. ती आतून कशी असते, हे आजच्या दहावीच्या मुलालाही सांगता येत नाही. म्हणून दहा वर्षांपुढील प्रत्येक मुलाने आणि मुलीने दिवाळीपूर्वी स्वतःची एक चोपडी शिवावी.

एका बाजूने कोरे असलेले कागद चालतील, पण निदान या कामासाठी कोरे घ्यावेत असे मला वाटते. आठ कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पाने, बत्तीस पृष्ठे होतात. घडीवर दाभणाने तीन छिद्रे मोठ्यांनी पाडून द्यावीत: एक मध्यावर, एकेक वर आणि खाली. सुईत जाड पांढरा दोरा ओवून ती आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत घ्यावी, आतल्या आत थेट खालच्या छिद्रापर्यंत नेऊन तिथून बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या छिद्रातून आत आणावी. दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारली की शिवण पक्की. बाहेरून पुठ्ठा आणि त्यावर लाल खारव्याचा किंवा कुठल्याही लाल सुती कापडाचा तुकडा खळीने चिकटवावा. रात्रभर वजनाखाली ठेवावे, नाही तर पुठ्ठा वाळताना वाकतो.

देशी चोपडीत आखलेल्या रेघा नसत. पृष्ठ उभे दुमडून घड्या पाडीत. या घड्यांना जुने मुनीम सळ म्हणत. कागद एकदा, दोनदा, तीनदा निम्मा दुमडला की आठ रकाने पडतात. डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या रकान्यात रक्कम आणि पुढच्या रकान्यांत तपशील. पेन्सिल, पट्टी, शाई काही न लागता केवळ दुमडून आठ सारखे भाग करण्याची ही युक्ती मुलांना हमखास आवडते. घरात एखादी जुनी चोपडी जपून ठेवलेली असेल तर ती उघडून दाखवावी. पणजोबांचे अक्षर आणि तूर, सरकी, सूत यांचे तेव्हाचे भाव मुलांना कुठल्याही गोष्टीच्या पुस्तकाइतके गुंगवतात.

पूजनाच्या दिवशी मोठ्या वहीशेजारी या छोट्या चोपड्याही मांडाव्यात. पहिली नोंद आकाशकंदिलाची असू द्यावी. जमेला आजोबांनी दिलेले पैसे, नावेला पतंगी कागद, कामट्या, दोरा आणि दिवा, प्रत्येकाची तारीख आणि किंमत. खाली शिल्लक काढावी आणि खिशातली नाणी मोजून तिच्याशी ताडून पाहावी. ती जुळली नाही तर मुलाला पुन्हा बेरीज करू द्यावी, मग दुकान उघडायला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.